कुंताची खडीसाखर

"चघळते ना साहेब, दिवसभर चघळते," इस्तारी म्हणाला, आणि तेही अगदी अभिमानानं. "मीच आनून देतो. दर बजाराले."

सिंदेवाहीच्या दवाखान्यात त्याची बायको कुंता बाकावर बसली होती. डॉक्टरनं नुकतंच तिच्या तोंडात पाहिलं होतं. पुढचे दात हिरड्यांपाशी काळे पडून मोडलेले, दाढांची नुसती खुंटं उरलेली. वय म्हणाल तर अजून पस्तिशीही नाही. आणि दात तरी कसले होते! इस्तारीनं मासळीचं जाळं विणावं आणि कुंतानं दातानं कटकन दोरा तोडावा. विळा शोधायची त्या घरात कधी गरजच पडली नाही.

दोन वर्षांमागे तिच्या गळ्यात गाठ आली. इस्तारीनं तिला नागपूरला नेलं, महिनाभर मशीनच्या किरणांचा शेक देवविला. गाठ विरघळली. बायको वाचली म्हणून त्यानं तलावाच्या पाळीवर नारळ फोडला. पण त्या शेकानं तोंडातली थुंकीही आटली. घास गिळवेना, बोलताना जीभ टाळूला चिकटे. मग या भल्या माणसाला सुचलं, गोड चघळलं की तोंडाला पाणी सुटतं. झालं. तेव्हापासून कुंताच्या गालात खडीसाखर असायचीच.

डॉक्टर हात धुता धुता थांबला. सांगावं की नाही, असं त्याला झालं असावं. पण त्यानं सांगितलं. थुंकी दिवसभर दात धूत असते. साखरेचं तोंडात आंबट होतं, ते आंबट दात खातं. थुंकी त्याला मारते, थोडाफार झिजलेला दात पुन्हा भरूनही काढते.

"यांच्या तोंडात राखणदारच उरला नाही," तो हळूच म्हणाला, "आणि त्यात रात्रंदिवस साखर. आता वाचवावा असा एकही दात नाही."

 निघताना डॉक्टरला रामराम करायचंही इस्तारीला सुचलं नाही.

बैलबंडी गावच्या तलावाशी आली तेव्हा मात्र त्याला आवरेना. एवढा धिप्पाड गडी, पण लेकरासारखा रडला. "मीच खाल्ले तुये दात," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

कुंतानं लोट्यातल्या पाण्याचा घोट घेतला, जीभ सुटू दिली.

"जहर देलं का तुमी? गोडच देलं ना," ती म्हणाली. "मले बी गोडच लागलं."

घरी तिनं पेज नको म्हटलं. वर्षभर बिचारी पेजेवरच जगत होती. आज तिला मासा हवा होता. इस्तारीनं मरळ शिजवली, काटा न काटा काढला, भातात कालवून घास भरवला. घास तोंडात नुसता फिरत राहिला, कोंड्यासारखा. शेवटी तिनं तो हातावर काढला आणि दिवसभरात पहिल्यांदा तिचे डोळे भरले.

इस्तारीनं दुसरा घास उचलला तो स्वतःच्या तोंडात टाकला. चावला, चांगला ओला केला, आणि बोटांवर घेऊन तिच्यापुढे धरला.

कुंता त्या घासाकडे बघत राहिली. बाहेरून बायका डोईवर पाण्याचे गुंड-घागरी घेऊन चालल्या होत्या.

"पयले दार लावा," ती म्हणाली.

घास तसाच बोटांवर धरून त्यानं दुसऱ्या हातानं दार लावलं.