पहिल्या आणि दुसऱ्या गिअरच्या मधे

गिअरच्या सांध्यातला तो पितळी बुश करंगळीच्या पेराएवढा होता, आणि गोल नव्हता. एकेकाळी असणार. आता त्याचं भोक अर्धवट जांभईसारखं लांबट झालं होतं, आणि ती ते डोळ्याशी धरून लेथच्या कारखान्याची खिडकी बघत होती. पाच दिवस तो तिच्या पर्समध्ये किल्ल्यांशी वाजत होता. सात दुकानांत तो दाखवून झाला होता. भंगारातल्या एका म्हाताऱ्याने तो हातात घेऊन विचारलं होतं, "या गाडीचा बुश? बाई, या गाडीचे मालक तरी शिल्लक आहेत का?" घरी नवरा म्हणाला होता, "गाडीचे सांधे शोधत हिंडतेयस, जाता जाता माझ्या गुडघ्यांचीही चौकशी कर."

गाडी दादाची. गिअरचा दांडा खालून न येता स्टिअरिंगच्या मानेतून बाहेर आलेला, अशी ती जुनी गाडी. तो परदेशी गेला तेव्हा 'तात्पुरती' म्हणून तिच्याकडे ठेवून गेला, त्यालाच आता अठ्ठावीस वर्षं झाली. मागच्या आठवड्यात फोनवर म्हणाला, गुरुवारी येतोय, चार दिवस. गाडी बंद पडली असेल तर या खेपेला देऊन टाकू कुणाला तरी, तू किती दिवस सांभाळणार. घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असावं तसं म्हणाला. आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "बंद कुठे? चालते की."

चालत नव्हती. उभ्या उभ्या इंजिन सुरू होत होतं, पण पहिला गिअर पडला की दुसरा पडत नव्हता. दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत जाणाऱ्या सळ्या, त्यांची टोकं धरणाऱ्या दोन लहान पट्ट्या, पट्ट्यांच्या मधला हा बुश... सगळं तिने स्वतः सोडवून कागदात बांधून आणलं होतं. सोडवताना तिला कोणाला विचारावं लागलं नाही. त्या पट्ट्या तिला पाठ होत्या, अंधारात स्वतःच्या घरातलं बटण सापडावं तशा.

कारण गिअर अडकणं हे तिचं काम होतं. म्हणजे सोडवणं. ती तेरा वर्षांची, दादा तेवीसचा; शाळा सुटली की तो न्यायला यायचा, आणि गाडी शाळेजवळच्या कोपऱ्यावर वळता वळता पहिल्या आणि दुसऱ्या गिअरच्या मधे अडकायची. दादा म्हणायचा, "उतर." ती उतरायची, बॉनेट उघडून टेकू द्यायची, हात कोपरापर्यंत आत घालायची आणि दोन बोटांनी वरची पट्टी खालच्या पट्टीच्या रेषेत ढकलायची. टक्. एवढंच. एकदा दोघं सायकलवाले मदतीला थांबले तर दादाने आतूनच सांगितलं, मोठ्याने, सगळ्या कोपऱ्याला ऐकू जाईल असं...

"राहू द्या. ती बघेल. तिला कळतं."

तोवर तिला काही कळतं असं कुणी म्हटलं नव्हतं. गणितात काठावर पास, बोलण्यात अडखळणारी, शाळेतल्या मुली तिला 'मुकी' म्हणायच्या. त्या मुली त्याच कोपऱ्यावर बसची वाट बघत उभ्या असायच्या, आणि ते बॉनेट वर गेलं की गप्प व्हायच्या. एक वाक्य माणसाला किती वर्षं पुरतं? मला पुरलं, ती मनात म्हणाली. ते वाक्य धरून तिने आधी घरचं शिलाई मशीन उघडलं, मग शेजारणीचं, मग गल्लीचं. आज अर्ध्या शहराची शिलाई मशिनं तिच्या टेबलावर दुरुस्त होतात, आणि अजूनही एखादा हट्टी स्क्रू फिरला की तिला आतून तो आवाज येतो... तिला कळतं.

"ताई, हे बघितलंत का?"

लेथवाल्याला सगळे मास्तर म्हणत, कारण तो कामापेक्षा व्याख्यान जास्त देई. त्याचं नव्या बुशसाठी माप घेऊन झालं होतं. पण त्याच्या हातात बुश नव्हता, पट्टी होती. रॉकेलच्या फडक्याने पुसून उजेडात धरलेली.

"बुश आत्ता आत्ता गेलाय, उभ्या गाडीचं ग्रीस वाळून. तो मी उद्या देतो. पण ही कड बघा. एकाच बाजूला चेपलीय. जुनी आहे, वरून काळी पडलीय."

"झिजली असेल."

"झीज दोन्हीकडून येते. ही ओढीची खूण आहे. कुणीतरी दांडा अर्ध्यावर आणून जोरात वर ओढायचं. एकदा-दोनदा नाही, शेकडो वेळा."

"चालवताना घाई होत असेल."

"घाईत इतकं नेमकं होत नाही हो. चांगला गिअर अडकवायचा असेल तरच माणूस असं करतो." मग तो हसला. "कोणी शिकाऊ होता की कोणी फार हुशार?"

गाडी दादाशिवाय कोणी चालवली नव्हती.

ती स्टुलावर बसली. स्टूल डुगडुगत होतं, आणि एरवी तिने वाकून त्याचा पाय बघितला असता. मुद्दाम... म्हणजे तिच्यासाठी. त्या मुलींनी बघावं म्हणून. 'मुकी' ऐकलं असणार त्याने, आणि काही न बोलता रोज एक बिघाड तयार करून बहिणीच्या हातात दिला, घे, दुरुस्त कर, सगळ्यांसमोर. इतकं केलंस, दादा, आणि सांगितलं नाहीस... हा विचार तिथेच थांबला, कारण त्याच्या पाठोपाठ कोपऱ्यावरच्या इमारतीचा वरचा मजलाही आठवला. टायपिंगचा क्लास. ओळीने सहा खिडक्या, उन्हाळ्यात सताड उघड्या, आणि तिसऱ्या खिडकीतली ती, जिच्याबद्दल नंतर घरात एक वर्ष दबक्या आवाजात बोलणं चाललं, आणि जिचं लग्न दुसरीकडे झाल्यावर दादाने परदेशाचे कागद भरले.

एकच कोपरा. खाली मुली, वर खिडकी. आणि मधे ती स्वतः, वाकलेली, डोकं इंजिनात.

बॉनेट मधे होतं, म्हणून तिने कधी त्याचं तोंड पाहिलं नाही. टक् झालं की ती बॉनेट पाडायची आणि तो समोर बघत असायचा, रस्त्याकडे, शहाण्यासारखा. किती वेळ लागायचा तिला? अर्धं मिनिट. काही दिवस तो आतून म्हणायचा, "सावकाश गं, घाई नाही." ती मायाच समजली होती. असेलही. 'घाई नाही' हे कुणासाठी होतं, हे आता त्या दोन शब्दांना विचारून कळणार होतं का?

फोन वाजला. दादाच.

"काय गं, कुठे आहेस? कसला आवाज येतोय?"

"लेथवर. गाडीचं काम चाललंय थोडं."

"चालते म्हणालीस ना?"

"चालते. फक्त गिअर अडकतो."

पलीकडे तो हसला, मोकळं, तेवीस वर्षांचा असताना हसायचा तसं. "अजून? मग तू आहेसच."

"दादा..."

"बोल."

लेथ फिरत होता. पितळेच्या बारीक सळीवरून चकचकीत कीस वळत वळत सुटत होता. विचारलं तर तो सांगेल. काहीतरी गोड सांगेल, त्याला जमतं. आणि मग तिच्याकडे त्याचं उत्तर राहील, आणि ती त्याच्यावर विश्वास ठेवत बसेल.

"काही नाही. गुरुवारी स्टेशनवर मी येते घ्यायला. गाडी घेऊन."

"तू चालवणार? ती?"

"मग काय ढकलत आणू?"

तिने फोन ठेवला. मास्तर पट्टी घेऊन वाट बघत होता. म्हणाला, कड भरून घासून देतो, नवी दिसेल. ती हो म्हणाली. म्हणजे बघा, आपण इतक्या सहज हो म्हणालो, याचं तिला जरा आश्चर्य वाटलं. ती खूण सांभाळावीशी वाटली नाही. तिला हवं होतं ते त्या कडेवर नव्हतं. वर उघडलेल्या बॉनेटमुळे पुढची काच झाकली जाते, पण खाली, बिजागरीपाशी, एक फट राहत असावी. तिच्यातून आत वाकलेल्या मुलीचे हात दिसत असतील, दोन बोटं तरी. बाजूच्या काचेतून क्लासच्या खिडक्या दिसत असतील. तिथे बसणाऱ्या माणसाला मान कुठे वळवायची हे ठरवावं लागत असेल, रोज, अर्धं मिनिट. इतकी वर्षं ती दादाची वाट बघत होती असं तिला वाटत आलं होतं, आणि आत्ता, या ग्रीसच्या वासात, तिला दादाच्या जागी बसायचं होतं, फार बसायचं होतं, आणि त्या फटीतून ती मुलगी एकदा बघायची होती.

"मास्तर," ती म्हणाली, "चांगला गिअर मुद्दाम अडकवायचा, तर दांडा नेमका कुठे आणून ओढायचा?"

मास्तरने लेथ बंद केला. व्याख्यानासाठी हात पुसले. आणि ती डुगडुगत्या स्टुलावर पुढे सरकून बसली, स्टिअरिंगवर ठेवावेत तसे हात समोर हवेत धरून, शिकायला.