पवनेच्या पलीकडे

१९६५ सालचा श्रावण होता आणि पवना दुथडी भरून वाहत होती. चिंचवडच्या एका दवाखान्यात नर्स असलेली कस्तुरा शिरसाठ सकाळी साधनं उकळत ठेवत होती, तेवढ्यात नखशिखांत भिजलेला एक तरुण धापा टाकत दारात आला. पलीकडच्या थेरगावचा हिंदुराव. त्याची बायको इंद्रायणी रात्रीपासून अडली होती.

"डागतर कुठं हायत, बाई?"

"पहाटेच पुण्याला गेलेत. काय झालं?"

"सुईण म्हनती पोर उलटं हाय. तिनं हात टेकलं. तुमीच चला."

"पण नदी कशी ओलांडायची?"

"काहील आनलीया. आबाजीकाका काठावर थांबलाय."

गूळ करायच्या त्या भल्यामोठ्या कढईत माणसाला बसवून पोहणारे ती ढकलत नेत. पुरात गावाची नाव तीच.

कस्तुरानं हातातला चिमटा खाली ठेवला. ती नेवाशाकडची. लहानपणी तिच्या डोळ्यांदेखत प्रवरेनं तिच्या धाकट्या भावाला ओढून नेलं होतं. तेव्हापासून घोटाभर पाण्यातही ती उतरत नसे. शिवाय हे घर तिच्या ओळखीचं होतं. उन्हाळ्यात ती पोटुशा बायकांना तपासत थेरगावात फिरली, तेव्हा इंद्रायणीच्या सासूनं, छबूबाईनं, तिला उंबऱ्याबाहेरूनच वाटेला लावलं होतं. आज ती गेली नसती, तर तिला कुणी दोषही दिला नसता.

"आलेच," म्हणून ती औषधांच्या खोलीत गेली आणि दार लोटून उभी राहिली. तिला वडील आठवले. मिशनच्या शाळेत ते मास्तर होते. भावाला माती दिली त्या दिवशी तिनं विचारलं होतं, "बाबा, तेव्हा देव कुठं होता?" वडिलांनी तिला जवळ ओढलं. मग म्हणाले, "पाण्यात. त्याच्याजवळ." लहानपणी तिला ते उत्तर पटलं नव्हतं.

तिनं डोळे मिटले. "प्रभू येशू, मला फार भीती वाटतेय. भीती जाईपर्यंत थांबायला वेळ नाही. अशीच घेऊन चल मला."

भीती गेली नाही. पण हात चालायला लागले. तिनं कात्री, दोरा, कापूस आणि स्वच्छ फडकी रबरी कापडात गुंडाळली आणि ती बाहेर आली.

काठावर आबाजीनं तिला काहिलीच्या मधोमध बसवलं. "बाई, हलायचं न्हाई. पान्याकडं बघू नगा, माझ्याकडं बघा." तो आणि हिंदुराव कडा धरून पोहू लागले. गढूळ पाणी कडेवरून आत उसळत होतं. मध्यावर एक बाभळीचं झाड वाहत आलं, त्याचा धक्का बसला आणि काहील गरकन फिरली. कस्तुरा मोठ्यानं ओरडली. मग तिला कळलं, आपण 'आई गं' म्हटलं नव्हतं, 'प्रभू' म्हटलं होतं. ती तेच म्हणत राहिली, प्रत्येक श्वासाला एकदा. आबाजी धापा टाकत म्हणाला, "म्हना, बाई, म्हना. आमालाबी जोर येतोय."

थेरगावात पोचल्यावर छबूबाईनं तिचा हात धरून तिला सरळ आत नेलं. इंद्रायणी अर्धवट शुद्धीत होती. बाळाचा एक पाय बाहेर आला होता आणि सुईण तो ओढायच्या बेतात होती.

"ओढू नका!" कस्तुरा म्हणाली आणि छबूबाईकडे वळली. "आत्याबाई, तुम्ही तिच्या डोक्याशी बसा. इंद्रायणी, माझा आवाज ऐकतेस ना? सांगेन तेव्हाच जोर लाव."

पाय आले, कंबर आली. तिनं बाळाचं अंग कोरड्या फडक्यात धरलं आणि पुढच्या कळेची वाट पाहिली. वाट पाहणं सगळ्यांत अवघड होतं. खांदे सुटले, शेवटी डोकं सुटलं. मुलगी होती. निळीसावळी आणि गप्प.

छबूबाईनं तोंडाला पदर लावला. कस्तुरानं बाळाचं तोंड पुसलं, पाठ चोळली, इवल्याशा नाकातोंडावर ओठ ठेवून हलकेच फुंकर घातली. पुन्हा घातली. मग मांजराच्या पिल्लासारखा एक आवाज आला आणि पाठोपाठ चांगला खणखणीत टाहो. भिंतीला टेकून बसलेली सुईणच आधी रडू लागली.

पाणी उतरेपर्यंत कस्तुराला तिथंच राहावं लागलं. दुसऱ्या दिवशी बाळाला शेकताना छबूबाई म्हणाली, "आबाजी सांगत व्हता, तू सारी वाट द्येवाला हाका मारत व्हतीस. भ्या वाटलं न्हाई व्हय गं तुला?"

"फार वाटलं, आत्याबाई. अजून वाटतंय. परत जायचंय ना!"

"मग आलीस कशी?"

कस्तुरानं बाळाचा उघडा पाय फडक्यात गुंडाळला. "एकटी नव्हते," ती म्हणाली.

 छबूबाईनं चुलीवरची शिऱ्याची कढई उतरवली, इंद्रायणीला वाढलं आणि दुसरी ताटली कस्तुरापुढं सरकवली. "मी तुला दारातनं घालवली व्हती," ती खाली बघत म्हणाली. "खा. गरम हाय तवर खा."

रविवारी चर्चमध्ये उपासनेच्या शेवटी पाळकसाहेबांनी विचारलं, कुणासाठी प्रार्थना करायची आहे का? कस्तुरा उभी राहिली. पुराबद्दल, काहिलीबद्दल ती काहीच बोलली नाही. "थेरगावात एक मुलगी जन्मली आहे, तिच्यासाठी," एवढंच म्हणाली.

"नाव काय तिचं?"

"अजून बारसं व्हायचंय."

"हरकत नाही," पाळकसाहेब म्हणाले, आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या.