ह्यांची दाढी

पांघरूण मी ओढून काढलं आणि खिडकी सताड उघडली. ह्यांनी डोळ्यांवर हात घेतला, तोंड भिंतीकडे फिरवलं.

“अहो, दुकानं उघडायला परवानगी मिळालीय,” मी म्हटलं. “समोरचा शिंपीसुद्धा बसला मशीनवर.”

“मला नाही जमायचं.”

माझा नवरा केस कापतो, दाढ्या करतो. साथीच्या पहिल्या लाटेत दुकान बंद पडलं आणि दुसरीत गप्पूभावजी गेले. दुकानातल्या दुसऱ्या खुर्चीवर तेच गिऱ्हाइकांच्या दाढ्या करायचे. गिऱ्हाईक टेकायचा अवकाश, की त्यांची टकळी सुरू, म्हणून गप्पू. ह्यांना त्यांचं शेवटचं तोंडही बघता आलं नाही. आधी ह्यांच्या छातीत धडधडायचं, दरदरून घाम फुटायचा, मग नुसतं पडून राहणं उरलं. अंघोळ नाही, जेवण नावाला. मी चिडले, नाही नाही ते बोलले. एकदा हे म्हणाले, मी नसलो तर कुणाचं काय अडणार आहे?

तडक दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा आळस नव्हे, आजार आहे. गोळ्या घ्या, वेळ लागेल, पण माणूस उठतो. रोज एखादं छोटं काम करून घ्या, एकटं सोडू नका. आणि तुम्हीही वेळेवर जेवा. गोळ्या सुरू झाल्या. मीही हट्टाला पेटले. हा माणूस असा हातचा जाऊ द्यायचा नाही, बस्स.

आजचं काम दाढी. कात्री, गरम पाणी, साबण, ब्रश, वस्तरा, सगळं पुढ्यात मांडलं. ह्यांनी हातही लावला नाही. मी करवादले, जन्मभर जगाच्या दाढ्या केल्यात, स्वतःची करायला काय धाड भरलीय?

“स्वतःची मी कधी केलीच नाही,” हे म्हणाले. “दुकान उघडायच्या आधी गप्पू माझी करायचा, मी त्याची.”

इतक्या वर्षांचा संसार, आणि मला पत्ता नाही. खुंट वाढलेले हे सकाळी निघायचे, गुळगुळीत होऊन परतायचे. मला वाटायचं, आरशापुढे उभं राहून उरकत असतील. माझा सगळा राग गळून गेला. रडू फुटायच्या आत मी कात्री उचलली.

“मान वर करा.”

दाढी बारीक कापली, फेस केला. भाजी चिरणारी बाई मी, वस्तरा कधी हाती धरला नव्हता. हनुवटीखाली कापलंच. मी थबकले. ह्यांचे डोळे मिटलेले, आणि गालावरच्या फेसातून पाणी ओघळत होतं.

“कातडं ताणून धर,” हे म्हणाले. “मग चालव. घाई नको.”

तसं धरलं. बराच वेळ लागला, दाढी जमली मात्र. ह्यांनी गालावरून तळवा फिरवला, राहिलेले दोन केस बोटाने दाखवले. तेही काढले.

“उद्या लवकर निघू,” हे हळूच म्हणाले. “आधी तू माझी कर. मग शटर उघडू.”

मी हो म्हटलं आणि कापल्या जागी तुरटी फिरवली.