दुर्बिणीला दिसलेले वाटाणे

आमचे हे कारखान्याच्या कॅन्टीनचे मुख्य आचारी. पोटाची दुर्बिणीची तपासणी उपाशीपोटीच करायची, हे डॉक्टरीणबाईंनी यांना बजावलं होतं. मी किती वेळा बजावलं ते तर विचारूच नका! तरी त्या सकाळी "नुसतं काम सोपवून येतो" म्हणत हे कॅन्टीनला डोकावले आणि तिथूनच दवाखान्यात हजर झाले.

नळी आत गेली, तशीच बाहेर आली. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "ताई, पोटात भाताची शितं दिसताहेत. वाटाणेसुद्धा. काय खाल्लंय यांनी?"

"खाल्लं कुठे हो?" हे अर्धवट गुंगीतून म्हणाले. "चाखलंय फक्त."

चाखलंय म्हणे! चुलीवरची एकूण एक पातेली चाखून आला होता माणूस. उभा जन्म यांनी पळीभर चाखल्याशिवाय पातेलं खाली उतरवलेलं नाही, आणि यांच्या लेखी ते खाणं नव्हेच. मी तिथल्या तिथे यांना फैलावर घेतलं. नर्सबाई हसू दाबत भिंतीकडे वळल्या.

पण खरं सांगू? रागापेक्षा भीतीच जास्त होती. आधीच्या तपासणीत यांच्या जठराच्या अस्तरावर एक चट्टा दिसला होता. त्याचा कण तपासला, तर पेशी बदलायला लागलेल्या. "कॅन्सर म्हणता येणार नाही, पण त्या वाटेला लागलंय," बाईंनी सांगितलं होतं. आता नीट बघून तो चट्टा आतूनच काढायचा होता, आणि या बाबाने तारीख घालवली. सासरे पोटाच्या कॅन्सरनेच गेले. जळजळ अंगावर काढत राहिले, आणि दाखवलं तेव्हा हातात काही उरलं नव्हतं. नव्या तारखेपर्यंत माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही.

त्या दिवशी मी यांना नजरेआड होऊ दिलं नाही. हे दात घासत होते तेव्हाही दारात उभी! पोट साफ होतं. बाईंनी आत निळं औषध फवारलं तशी चट्ट्याची कड उठून दिसली, आणि बटाट्याची साल काढावी तसा तेवढाच भाग त्यांनी अलगद सोलून घेतला. पोटावर टाका नाही की काही नाही. तुकडा तपासायला गेला.

रिपोर्टच्या दिवशी मी यांचा हात असा धरला होता की हे "अगं, बोटं मोडशील" म्हणाले.

"कॅन्सर झालेला नाही," बाई म्हणाल्या. "कडेपर्यंत सगळं साफ निघालंय. पोटातल्या जंतूंवर दिलेल्या गोळ्यांचा कोर्स पुरा करा आणि सांगेन तेव्हा परत दुर्बीण करून घ्या. त्यात चालढकल नको."

"परत सांगा," मी म्हटलं. त्यांनी परत सांगितलं. मग मात्र मला रडूच फुटलं. लाज कसली? इतक्या दिवसांचं सगळं बाहेर आलं.

बाहेरच्या बाकावर बसून यांनी धाकट्या भावाला फोन लावला. स्पीकर चालूच होता. "सुटलो रे! वेळेत सापडलं. तूही एकदा दाखवून घे. बाबांसारखं अंगावर काढू नकोस."

सासरे गेल्यापासून त्यांच्या दुखण्याबद्दल दोघे भाऊ चकार शब्द बोलले नव्हते.

"दादा," भावजी हळूच म्हणाले, "माझंही पोट दुखतंय रे. कधीचं सांगायचं होतं. भीती वाटत होती."

"वेडा आहेस का!" हे बाकावरून उठलेच. "उद्या सकाळी तयार राहा. मी येतोय तुझ्याबरोबर."