आधी माझ्या तोंडावर तळहात ठेवा

मित्रांनो, मी एक जुना दूध काढायचा पंप आहे. हसू आले का? येऊ द्या, मला सवय आहे. मोठी माणसेसुद्धा माझे नाव घेताना आवाज खाली आणतात. मला "तुझं ते मशीन" म्हणतात आणि घरात कोणी आले की माझ्यावर घाईघाईने टॉवेल टाकतात. आई कामावर गेली की मागे बाळासाठी तिचेच दूध बाटलीत काढलेले असावे, एवढेच माझे काम. यात लपवण्यासारखे काय आहे, हे मला आजवर कोणी सांगितलेले नाही.

पण आज मी टॉवेलची तक्रार करायला बसलेलो नाही. एका आईवर पुरे अकरा दिवस खोटा आळ आला. चूक माझ्या पोटात होती आणि बोलणी ती खात होती. मला तोंड आहे, पण ते फक्त ओढण्यापुरते. तेव्हा गप्प बसावे लागले. आता बोलतो.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. एका बाईने माझ्यात मोटर बसवली, दुसरीने नळी जोडली, तिसरीने नरसाळ्यासारखे पसरट तोंड चढवले. त्या तोंडाखाली नखाएवढी पांढरी रबरी झडप असते. मी ओढतो तेव्हा ती घट्ट मिटते, सोडतो तेव्हा उघडते आणि दूध बाटलीत पडते. माझा सगळा जीव त्या झडपेत आहे. टेबलाच्या टोकाला निळ्या टोपीची एक मुलगी बसायची. ती प्रत्येक पंप चालू करून त्याच्या तोंडावर तळहात ठेवायची. हात ओढला गेला तर पंप पास, नाही तर परत मागे. माझ्या वेळी तिला हात सोडवायला जोर लावावा लागला. ती खूश झाली आणि तिने मला एका पुस्तिकेसह खोक्यात भरले.

त्या पुस्तिकेच्या नवव्या पानावर ठळक अक्षरांत छापले होते, की झडप दर दोन-तीन महिन्यांनी बदला आणि दूध अचानक कमी आले तर सर्वांत आधी झडप पाहा. ते पान कोणी वाचले नाही. मी ज्या घरात गेलो, तिथल्या थोरल्या सुनेने पुस्तिकेच्या चार घड्या केल्या आणि ती जेवणाच्या टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवली. टेबल डुगडुगायचे थांबले, सगळे खूश.

थोरलीच्या दोन मुलांसाठी मी राबलो. त्या काळात माझे फार कौतुक झाले. "हा नसता तर मला नोकरी सोडावी लागली असती," असे ती येईल त्याला सांगायची. मुले चालू लागली, थोरली आपल्या नवऱ्याबरोबर दुसऱ्या गावी राहायला गेली आणि मी कपाटावर स्वेटरच्या पिशवीशेजारी जाऊन पडलो. तिथे किती वर्षे गेली, ते धुळीने मोजले असेल. मी नाही मोजले.

मग त्याच घरात धाकट्या सुनेला मुलगी झाली. तिला सगळे ठकू म्हणत. ठकू चार महिन्यांची झाली, आईची रजा संपली आणि मला खाली उतरवले. नव्या बाटल्या आणल्या, नव्या नळ्या आणल्या. झडप दिसायला धडधाकट होती, म्हणून ती जुनीच राहिली. सासूबाईंनी माझी स्वच्छता आपल्याकडे घेतली. त्या माझी मोटर तेवढी सोडून बाकीचे सगळे रोज मोठ्या पातेल्यात टाकून वीस मिनिटे खळखळ उकळायच्या. दोन मुले त्यांनी उकळलेल्या भांड्यांवर वाढवली होती आणि उकळण्यावर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास होता. काच ते सोसते. रबराचे काय होत असेल, असे त्यांच्या मनातही आले नाही.

ठकूची आई कवळ्या बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये कामाला होती. मेणाच्या हिरडीत एकेक दात बसवायचा, हे तिचे काम. समोरचा दात केसभर वाकडा असला तरी तिला दिसायचा. आम्हाला बसायला दिली होती ती गोदामाची खोली. तिथे प्लास्टरची पोती, एक पाय तुटका असलेले स्टूल आणि फळ्यांवर मांडलेले शेकडो प्लास्टरचे जबडे होते. ते सगळे आ वासून आमच्याकडे बघत असायचे. दाराला आतून कडी नव्हती, म्हणून ती एक पोते ओढून दाराला लावायची. अकरा वाजता वीस मिनिटे आणि तीन वाजता वीस मिनिटे. दर वेळी दूध एकशे वीसच्या रेघेला टेकायचे. ती बाटली उजेडात धरून बघायची, बर्फाच्या डब्यात ठेवायची आणि कामाला जाताना गुणगुणायची. ठकूचा वर्षाचा वाढदिवस होईपर्यंत हे असेच चालू ठेवायचे, असे तिने ठरवले होते. मित्रांनो, ते दोन महिने माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे होते.

एका सोमवारी दूध साठच्या रेघेवर थांबले. मंगळवारी पन्नास. बुधवारी चाळीसही धड नाही.

आता ऐका, कोणी काय केले ते. सासूबाईंनी तिच्या ताटाकडे बोट दाखवले. ही चिमणीसारखे खाते, मग दूध कुठून येणार? तिच्या ताटात दुप्पट वाढले जाऊ लागले आणि ती मुकाट्याने खाऊ लागली. तिचा नवरा तसा चांगला माणूस, पण तो नाश्त्याच्या वेळी फोनमध्ये डोके घालून वाचायचा आणि दर दहा मिनिटांनी सांगायचा की टेन्शन घेऊ नकोस, टेन्शनने दूध जाते. ते ऐकून तिला नव्हते ते टेन्शनही आले. थोरल्या जावेने फोनवर हळहळ व्यक्त केली आणि वर सांगितले, की याच पंपाने तिच्या तर दोन-दोन बाटल्या भरायच्या. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी कागदावरून नजरही न उचलता सांगितले, पाणी जास्त प्या. ती इतके पाणी प्यायली की अर्धा दिवस बाथरूमच्या वाटेवर गेला. ठकूचा फोटो समोर ठेवून बसली. शेकून बसली. डोळे मिटून बसली.

एवढ्या सगळ्यांनी तिचे ताट पाहिले, तिची झोप पाहिली, तिचे मन पाहिले, तिचा स्वभावही पाहिला. माझ्याकडे एकाने बघितले नाही. मी यंत्र ना! यंत्र कसे चुकेल, चुकेल ती बाई. मला तळपाय नाहीत, पण त्या दिवसांत तळपायाची आग मस्तकाला जाणे म्हणजे काय, ते मला कळले. मी घसा फोडून बिघडलेला आवाज काढत होतो. फुस्स, फुस्स. पूर्वी प्रत्येक ओढीनंतर माझ्यातून बारीकसा 'टक' यायचा, झडप मिटल्याचा. तो गेला होता. ऐकणाऱ्याला माझी कागाळी स्वच्छ ऐकू आली असती.

आणि वाईट कशाचे वाटते सांगू? आईचे अंग मागणी बघून दूध तयार करते. जितके ओढून नेले जाते, तितके पुन्हा भरते. मी ओढतच नव्हतो, म्हणून अंगाला वाटू लागले की आता फार गरज उरलेली नाही. घरी ठकू अंगावर प्यायची, त्यामुळे थोडेफार टिकून होते. पण दुसऱ्या आठवड्यात संध्याकाळी तीही चिडून रडू लागली. म्हणजे माझ्यामुळे लागलेला खोटा आळ हळूहळू खरा होत चालला होता.

दुसऱ्या आठवड्याच्या मंगळवारी वर्कशॉपच्या मॅनेजरने गोदामाचे दार ढकलले. पोते सरकले. त्याने आत मान घातली, बाटलीच्या तळाशी असलेले दूध पाहिले आणि म्हणाला, "येतच नाही, तर बसता कशाला?" त्या दिवसापासून तीनची वेळ बंद झाली. दार न ठोठावता आत येणाऱ्या त्या माणसाने जाताना दार उघडेच टाकले.

ती उठली, पोते परत जागेवर लावले आणि स्टुलावर बसली. मग बाटलीकडे बघून हळूच म्हणाली, "चुकलं गं माझं, ठकू." फळीवरचे शेकडो जबडे आ वासून बघत होते आणि एकाच्या तोंडून शब्द फुटला नाही. माझ्याही नाही. केसभर वाकडा दात ओळखणारी ती बाई, तिने मला एकदा उलटे करून बघितले असते तर! पण सगळ्यांची बोटे आपल्याकडे वळली की माणूसही स्वतःकडेच बघत राहतो.

गुरुवारी तिने नवऱ्याला पावडरच्या दुधाचा डबा आणायला सांगितला. माझे त्या डब्याशी भांडण नाही. ते दूध पिऊनही मुले छान वाढतात आणि ज्या आईला ते द्यायचे आहे तिने खुशाल द्यावे. पण हिला द्यायचे नव्हते. आपण कमी पडलो, असे समजून ती हार मानत होती. शुक्रवारी अकराला शेवटचे बसायचे आणि मग मला पुन्हा कपाटावर टाकायचे, असे ठरले.

त्या शुक्रवारी प्लास्टरवाल्या मावशी पोते न्यायला आल्या. वर्कशॉपमध्ये जबड्यांचे साचे ओतायचे काम त्यांच्याकडे होते. प्लास्टर कालवताना त्यातली हवा ओढून घेणारे एक यंत्र असते. हवेचा एक बुडबुडा राहिला तरी जबड्याला खड्डा पडतो. बावीस वर्षे ते यंत्र चालवून मावशींचे कान असे तयार झाले होते, की आवाजावरून त्या त्याचे दुखणे सांगायच्या. त्यांनी दार ठोठावले. दाराबाहेर जरा थांबल्या. मग विचारले, "आत येऊ का गं?"

त्या आत आल्या आणि तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघू लागल्या. मला बंद करायला लावले, पुन्हा चालू करायला लावले. मग माझ्या तोंडावर आपला तळहात ठेवला. निळ्या टोपीच्या मुलीनंतर इतक्या वर्षांनी प्रथमच कोणीतरी माझ्या तोंडावर हात ठेवत होते. त्यांचा हात ओढला गेला नाही. अलगद सुटला.

"मशीन हवा खातंय, पोरी," मावशी म्हणाल्या. "तू नाही आटलीस."

त्यांनी माझी झडप काढून बोटांत दाबली. रबर कडक झाले होते आणि कोपऱ्यात केसभर चीर गेली होती. ठकूच्या आईने ती चीर पाहिली. ती रडेल असे मला वाटले होते. ती रडली नाही. तिने मावशींना विचारले, की आता या क्षणी काय करता येईल. हाताने काढ, मावशी म्हणाल्या, आणि दाराला पाठ लावून बाहेर उभ्या राहिल्या. मी बाजूला पडून बघत होतो. वीस मिनिटांत तिने नुसत्या हाताने नव्वदची रेघ गाठली. मग मात्र ती रडली, आणि रडता रडता मला एक चापटही मारली. ती माझ्या हक्काचीच होती.

संध्याकाळी घरी सगळे टेबलाभोवती बसले होते. तिने फाटकी झडप सर्वांच्या मध्ये ठेवली. थोरलीला फोन लावून विचारले, की या पंपाबरोबर काही माहिती आली होती का. मग थोरली म्हणाली, "टेबलाच्या पायाखाली बघ." नवऱ्याने टेबल उचलून पुस्तिका ओढून काढली, घड्या उलगडल्या आणि नववे पान मोठ्याने वाचले. झडप बदला. खळखळ उकळू नका. दूध अचानक कमी आले तर आधी झडप पाहा. वाचता वाचता त्याचा आवाज खाली गेला. टेबल पुन्हा डुगडुगू लागले होते, पण कोणी हात लावला नाही.

सासूबाईंनी झडप उचलून दिव्याकडे धरली. "उकळलं मीच," त्या म्हणाल्या. "आणि बोललेही मीच." थोड्या वेळाने त्यांनी सांगितले, की दोन दिवस स्वयंपाकघराकडे फिरकू नकोस, ठकूला घेऊन बस, मागेल तेव्हा पाज. त्यांनी ते तडीस नेले. त्यांच्यावरचा माझा राग तिथेच निम्मा उतरला. बाकीचा अजून आहे.

नवी झडप बसवली आणि माझा 'टक' परत आला. दूध मात्र एका दिवसात परतले नाही. अकरा दिवसांत मोडलेले जुळवायला त्याहून जास्त दिवस लागले. सत्तर, ऐंशी, मग शंभर. एकशे वीसची रेघ पुन्हा कधी आलीच नाही, पण ठकूला पुरले. वाढदिवसापर्यंत पुरले. त्या शुक्रवारनंतरच्या सोमवारीच मावशींनी गोदामाच्या दाराला आतून कडी ठोकली आणि ठकूची आई तीन वाजता कोणाला न विचारता आत जाऊन बसली. मॅनेजर दाराबाहेर येऊन काहीतरी बोलला. माझ्या आवाजात ते ऐकू आले नाही. त्याने आजतागायत माफी मागितलेली नाही, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. तुमच्या घरात कोणी आई होईल, तुमच्या शेजारच्या टेबलावर काम करणारी कोणी आई होईल. तिचे दूध कमी झाले तर कधी ती थकलेली असेल, कधी आजारी असेल, कधी तिला डॉक्टरच लागेल. पण तिला बोल लावण्याआधी माझ्या तोंडावर हात ठेवून बघा. तिला बसायला दिलेली खोली बघा. तिच्याकडून काढून घेतलेली वीस मिनिटे बघा. माझी निगा राखायला फार काही लागत नाही. नखाएवढे रबर लागते आणि एक पान वाचावे लागते.

आता ठकू पेल्याने पाणी पिते आणि अर्धे अंगावर सांडते. मी पुन्हा खोक्यात आहे. उद्या मी वर्कशॉपच्या काउंटरवर बसणाऱ्या मुलीकडे जाणार आहे, तिला पुढच्या महिन्यात बाळ होईल. ठकूच्या आईने माझ्यासोबत दोन कोऱ्या झडपा ठेवल्या आहेत. नवव्या पानाची घडी नीट सरळ केली आहे. आणि माझ्या गळ्यात दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली आहे.

"दूध कमी आलं तर आधी पंप तपास. नळ्या, बाटल्या नव्या घे. कोण काय म्हणतं ते नंतर ऐक. तुझ्यात काही कमी नाही."

दूध साठच्या रेघेवर थांबले त्या सोमवारी हे शेवटचे वाक्य तिला कोणीतरी म्हणायला हवे होते.