उसनी आई

सकाळच्या घाईत शाळेतल्या धाकट्या बाईंच्या बाहीचं बटण तुटलं. त्यांची आई स्वयंपाकघराच्या दाराशी स्टुलावर बसली होती. तिनं लेकीला हाताला धरून जवळ ओढलं आणि सुईत दोरा ओवला.

"हलू नकोस, टोचेल."

शिवणाच्या कारखान्यात काजं-बटणं करण्यात तिचा जन्म गेला होता. अंगठ्याला पडलेला घट्टा आता दगडासारखा झाला होता.

"आज पोरांच्या मुलाखती ना गं?"

"हो. बेचाळीस."

"पोरांच्या, की आईबापांच्या?"

धाकट्या बाईंना हसू आलं नाही. सलग चौथा दिवस होता आणि उजाडतानाच पाठ दुखू लागली होती. निघताना त्यांनी ओट्यावरच्या औषधाच्या नव्या बाटलीवर पेनानं दोन टिंबं काढली. एक टिंब म्हणजे सकाळचं औषध, दोन टिंबं म्हणजे संध्याकाळचं. लेक दोन भाषांत वाचायची, दोन भाषांत लिहायची, वेळ आली तर दोन्हींत भांडायचीही. आईला मात्र एकाही भाषेतलं अक्षर येत नव्हतं.

शाळेच्या फाटकावरची पाटी दोन भाषांत होती. वर घरची भाषा, खाली साहेबी. आत गणित एकीत चाले, विज्ञान दुसरीत. इथून बाहेर पडलेलं पोर मोठ्या कचेरीत ताठ मानेनं अर्ज लिही आणि घरी येऊन तोच अर्ज आजीला समजावूनही सांगे. अशी शाळा कुणाला नको? पण पाटी दोन भाषांची असली, तरी प्रवेशाचं टेबल एकाच भाषेचं होतं. आईबापांना प्रश्न फक्त साहेबी भाषेत. घरी अभ्यास घेणारं कुणी हवं ना, म्हणून!

मग वस्तीनं उपाय काढला. ज्या आईला ती भाषा येत नाही, तिनं रस्त्यापलीकडे थांबायचं. आत्या, मावशी, शेजारीण, जिला येत असेल तिनं आई होऊन आत बसायचं. सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणी नव्हतं. दुखणं अंगवळणी पडलं की माणसं त्याला रीत म्हणू लागतात.

अशा उसन्या आयांमध्ये एक होती इंटरव्ह्यूमावशी. निवृत्त परिचारिका, जाड चष्मा, जीभ सुरीसारखी. कुणाकडून कपभर चहासुद्धा घेत नसे. "मला एकही पोर झालं नाही, आणि या शाळेत माझी अकरा शिकतात," असं ती स्वतःच सांगायची.

त्या दिवशी सकाळी ती एका कुरळ्या केसांच्या मुलाची आई म्हणून धाकट्या बाईंसमोर बसून गेली. दुपारनंतर तिला दुसऱ्या टेबलावर जायचं होतं. पण कारकून नवा होता. त्यानं तिला पुन्हा याच टेबलावर आणून बसवलं. ओढणी बदललेली, चष्मा तोच, आणि शेजारी पाच वर्षांची एक मुलगी कॉलर चघळत बसलेली.

दोघींची नजरानजर झाली. इंटरव्ह्यूमावशीनं डोळे मिटून देवाचं नाव घेतलं.

नेमक्या त्याच वेळी मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. धाकट्या बाईंनी काहीतरी बोलायचं म्हणून मुलीला घरच्या भाषेत विचारलं, "काय गं, कुणाबरोबर आलीस?"

"आईबरोबर," मुलगी म्हणाली. "आई बाहेर माझी पाण्याची बाटली धरून बसलीय. आत गेल्यावर हिला आई म्हणायचं आणि परत आल्यावर मावशी. मी चुकले का?"



"फॉर्म बाद करा," मोठ्या बाई म्हणाल्या. त्या दुष्ट नव्हत्या. दिवसभराच्या गर्दीनं त्याही थकल्या होत्या, आणि थकलेल्या माणसाला नियमाला टेकून उभं राहणं सोपं जातं.

"बाई, शिव्या मला द्या, पोरीला नको," इंटरव्ह्यूमावशी म्हणाली. "घोडचूक माझी. म्हातारपणी एका दिवसात दोन बाळंतपणं झेपत नाहीत."

धाकट्या बाई उठल्या. फाटक ओलांडून रस्त्यापलीकडे गेल्या. बंद दुकानाच्या छपराखाली सात-आठ बाया ओळीनं उकिडव्या बसल्या होत्या. बाटली धरलेली बाई त्यांना पाहताच उभी राहिली. अंगावर इस्पितळातल्या सफाईवालीचा निळा कोट होता.

"बाई, फसवलं आम्ही. पण पोरीला घालवू नका. मला शिकवता येत नाही, म्हणून तर इथं आणलं."

"आत चला."

"मी? आत?"

"तुम्हीच. आई तुम्ही आहात ना?"

ती खुर्चीच्या अगदी कडेला बसली. धाकट्या बाईंनी छापील प्रश्न बाजूला सारले आणि घरच्या भाषेत विचारलं, "पोरीला घरी काय शिकवता?"

"काही नाही हो. सुट्टीच्या दिवशी सोबत कामावर येते. मी फरशी पुसते, ती लाद्या मोजते. लांब व्हरांड्यात एकशे बारा आहेत."

"एकशे चौदा," मुलगी म्हणाली. "दोन कपाटाखाली आहेत. मी वाकून बघितलं."

मोठ्या बाईंच्या चेहऱ्यावर हसू येता येता राहिलं. "हुशार आहे. पण नियम तो नियम. खोट्या आईवर मिळालेला प्रवेश रद्द होतो."

"मग माझाही रद्द करा." धाकट्या बाईंचा आवाज चढला नाही, चढवायला जोरच उरला नव्हता. "सव्वीस वर्षांपूर्वी याच खोलीत माझी आई म्हणून माझी आत्या बसली होती. पुढं दर बक्षीस समारंभाला तीच येत राहिली, खोटं उघडं पडू नये म्हणून. आज मी या बाजूला बसलेय ती माझ्या हुशारीनं नाही, बाई. मला टायपिस्ट आत्या होती, एवढंच. जिला अशी आत्या नाही, तिनं काय करायचं?"

मोठ्या बाईंनी चष्मा काढला, डोळे चोळले. "सगळं उकरायला बसलो तर अर्धी शाळा रिकामी होईल." मग कारकुनाकडे न बघताच म्हणाल्या, "लिहा हिचं नाव. पण उद्यापासून मुलाखत नियमाप्रमाणेच. पुढचे कोण?"

संध्याकाळी आई दोन टिंबांचं औषध घेत होती, तेव्हा लेकीनं सगळं सांगितलं. शेवटी विचारलं, "तू तेव्हा कुठं बसली होतीस?"

"त्या दुकानाच्या छपराखालीच." आईनं बाटलीचं झाकण घट्ट केलं. "तुला वरच्या खिडकीशी बसवलं होतं. मी हात केला. तू बघितलंस, आणि तोंड फिरवलंस."

"आई!"

"अगं, रडतेस काय वेड्यासारखी? बरं वाटलं मला. म्हटलं, पोर शहाणी आहे, सांगितलेलं पाळते."

खरंच सांगते, मंडळी, मुलाला पहिलं अक्षर येण्याआधी आपण त्याला पहिला धडा देतो तो हा: तुझी आई लपवण्यासारखी आहे. देवाच्या दारात उभं राहिलं तर कुणी विचारत नाही, हाक कुठल्या भाषेत मारलीस म्हणून. तिथं तोतरा, मुका, सगळे चालतात. शाळेच्या दारातच ही जकात कशाला?

दुसऱ्या दिवशी धाकट्या बाईंचं टेबल रिकामं होतं. त्यांची चिठ्ठी मोठ्या बाईंच्या हातात पडली, दोन्ही भाषांत लिहिलेली: "आयांना बाहेर बसवायचं असेल, तर मीही बाहेरच बसेन. तिथं घरच्या भाषेत बोलून जे फॉर्म भरीन, त्यांवर माझी सही असेल. इतर फॉर्मांवर नसेल."

मोठ्या बाई खिडकीशी गेल्या. पलीकडे छपराखाली धाकट्या बाई मांडीवर फळी ठेवून लिहीत होत्या. शेजारी त्यांची म्हातारी आई होती. एका पोराच्या सदऱ्याचं बटण सैल दिसलं म्हणून तिनं सुई काढली होती. इंटरव्ह्यूमावशी रांग लावत ओरडत होती, "ढकलू नका गं! आज ज्याची आई त्यानंच आणायची!"

नोकरी राहील का, हे धाकट्या बाईंना ठाऊक नव्हतं. ऊन पायांपर्यंत आलं होतं, पाठ कालच्यापेक्षा जास्त दुखत होती. त्यांनी मान वर केली तेव्हा खिडकीत मोठ्या बाई दिसल्या.

धाकट्या बाईंनी हात केला.

खिडकीतल्या बाई बघत राहिल्या. त्यांनी तोंड फिरवलं नाही, हातही वर केला नाही. त्या खिडकीत आज त्या एकट्याच उभ्या आहेत, की त्यांच्यामागे आपणही उभे आहोत, हे ज्याचं त्यानं मनाशी विचारावं.