लगद्याचं राफेल

"उंदीर होता तोवर बरं होतं," दाजी पुटपुटले. "आता इमानं हवीत. पुढच्या साली पाणबुडी मागतील."

ते कोणाला ऐकवायला बोलले नव्हते. पण जोहे गावातल्या गणपतींच्या कारखान्यात हंगामात बसायला जागा असते कुठे? मूर्ती रंगवणारी पुतळी त्यांच्या कोपराला कोपर लावून बसली होती, तिने ऐकलं आणि हसू दाबलं. मुंबईच्या एका मंडळाला गणपतीच्या मागे झेपावणारी राफेल विमानं हवी होती. दाजी सकाळपासून कागदाच्या लगद्याच्या पंखांना पॉलिशपेपर घासत होते आणि प्रत्येक पंखाला एकेक शिवी देत होते.

पुतळी लग्न होऊन इथे आली तेव्हापासून गणपतींच्या अंगाला रंग मारते. डोळे काढणारे वेगळे, त्यांचा मान वेगळा, त्यांचा चहासुद्धा आधी येतो. ही हातापोटाची, सोंडेची. तिचं काम चांगलं झालं की कोणाच्या लक्षातच येत नाही.

तेवढ्यात जितेश आला. तिचा मुलगा. हवाई दलात धावपट्टीवर विमानांच्या देखभालीचं काम करतो, सुट्टीवर आला होता आणि उद्या परत निघायचा होता.

"आले आमचे एअर मार्शल!" कारखान्याचा मालक नितेश समोर येत म्हणाला. "बघ रे आमची राफेलं. जमली का?"

जितेशने एक विमान उचललं, उलटं केलं आणि खो-खो हसत सुटला.

"नितेशदादा, हे राफेल नाय. चीनचं जे-टेन हाय. शेजाऱ्यांकडं असतं ते."

दाजींच्या हातातला पॉलिशपेपर थांबला. मंडळाचे हिरामण माल बघायला आले होते, ते खुर्चीतून उठलेच. "म्हणजे बाप्पाच्या मागं शेजाऱ्यांची इमानं उडवणार होता तुमी?"

"अवो, फोटो बघून साचा केला," नितेशला घाम फुटला. "दोघांनाबी नाकापाशी बारके पंख. माणसानं वळखायचं कसं?"

"याला हवा घ्यायचं तोंड हनुवटीखाली हाय, आणि मागं नळा एकच," जितेश म्हणाला. "राफेलला दोन्ही गालांना तोंडं. मागं दोन नळे."

"पण दोघांत भारी कुठलं?" हिरामणनी त्याच्या समोर उभं राहून विचारलं.

झालं. जितेश सुरू झाला. राफेलला इंजिनं दोन, एक बंद पडलं तरी घरी येतं. ओझं जास्त उचलतं. जे-टेन हलकं, स्वस्त, पण त्याचं क्षेपणास्त्र लांब मारतं, त्याला हसायचं नाय. "आणि आता पयल्यासारखं एकामागं एक लागत नायत. एकमेकांचं तोंडबी दिसत नाय. ज्याला आधी चाहूल लागली तो जगला. दुसऱ्याला कळतपण नाय काय झालं."

पुतळी रंगाची बंदूक हातात धरून ऐकत होती. हा पोरगा लहानपणी इतका मुका की पाहुणे आले की माळ्यावर जाऊन बसायचा. आणि या सुट्टीत विमानांवर बोलायला लागला की थांबतच नाही. तो बोलत असतो तोवर त्याला कोणी काही विचारत नाही, हे तिला दुसऱ्याच दिवशी उमगलं होतं. त्या दिवशी तो बुटाची नाडी बांधत बसला होता. तिने मुद्दाम मागे ताट टाकलं. शेजारची मांजर पळाली. जितेश नाडी बांधत राहिला.

"सर्दी असंल," तिचा नवरा रघू म्हणाला होता, तिच्याकडे न बघता. "गडब गावच्या सोयरिकीचं बोलणं चाललंय. अग्निवीर हाय तो, नोकरी कायमची व्हायची हाय. तू तोंड उघडू नको गो."

तिने उघडलं नाही. कोणीच उघडलं नाही. सगळे जण फक्त त्याच्या समोर येऊन बोलायला लागले.

धावपट्टीवर सगळं हातांच्या खुणांवर चालतं, असं त्याने पूर्वी फोनवर सांगितलं होतं. सुरू असलेल्या विमानाच्या तोंडाजवळ गेलं तर माणूस आत ओढला जातो, हेही त्यानेच सांगितलं होतं, हसत. खुणा समोरच्याला दिसतात. मागून येणाऱ्या गाडीचं काय?

"आणि आपलं तेजस?" दाजींनी मागून विचारलं.

जितेश हातातल्या विमानाच्या पंखांवर बोट फिरवत बोलत राहिला.

"अरे, तेजस कसं काय?" दाजींनी पुन्हा विचारलं. मग ते मान खाली घालून घासायला लागले.

आतून दोन पोरं मोठी मूर्ती चाकाच्या पाटावर ढकलत आणत होती. उताराला पाट सुटला. "बाजूला! जितेश, बाजूला!" पोरं ओरडली, नितेश ओरडला. जितेश हिरामणना क्षेपणास्त्र कसं वळतं ते हाताने दाखवत होता.

दाजींनी त्याचा शर्ट धरून त्याला हिसडलं. पाट घासत गेला आणि खांबाला आपटला. बाप्पाच्या मुकुटाचा टवका उडाला. जितेश खाली बसला होता, पांढराफटक.

"या कॉम्प्रेसरच्या आवाजात काय ऐकू येतंय," नितेश घाईने म्हणाला.

"व्हय तर. नुसता कलकलाट," दाजी म्हणाले.

"कॉम्प्रेसर तर बंद—" हिरामण बोलायला लागले.

"तुमी च्या घ्या वो," दाजींनी त्यांच्या हातात कप कोंबला.

रंगाच्या बंदुकीला हवा देणारा कॉम्प्रेसर मघाशीच पुतळीने बंद केला होता. मुलाचं ऐकायला. तिने बंदूक खाली ठेवली. सगळे तिच्याकडे बघत होते आणि बघत नव्हते. ती जितेशच्या समोर जाऊन उकिडवी बसली. रंगाच्या बोटांनी त्याची हनुवटी धरली आणि त्याचं तोंड आपल्या तोंडासमोर आणलं.

तिने आवाज काढला नाही. नुसते ओठ हलवले, सावकाश, अंगाला रंग मारताना हात फिरवते तसे. तुला ऐकू येत नाय. उद्या गेल्या गेल्या सायबाला सांग.

कारखान्यात कोणालाच काही कळलं नाही. जितेशच्या डोळ्यांनी तिच्या ओठांवरचा शब्द न् शब्द उचलला.

"व्हय आई," तो म्हणाला, आपला आवाज केवढा मोठा निघतोय याचा पत्ता नसल्यासारखा, इतक्या मोठ्याने की बाहेर टेम्पोत दोऱ्या बांधणारेही थांबले. "नाय येत मला ऐकू."